कल्याण बंदरावरचे एक सोवळे जेवण

सर्व सुज्ञ, अल्पज्ञ आणि नुकत्याच जेवून उठलेल्या वाचकांस या जाहीरनाम्याने कळविण्यात येते की, गेल्या पौष महिन्यात प्रस्तुत लेखक मुंबई सोडून, ठाण्यास एक मुक्काम करून, खाडीमार्गे कल्याणास पोहोचला आणि तेथे जेवला. जेवण वाईट होते. एवढ्यासाठी शाई खर्च करावी काय, असे कोणास वाटेल. पण माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी वाईट जेवणे पुष्कळ जेवलो आहे. लग्नातली, श्राद्धातली, एकदा तर साहेबाच्या बंगल्यावरचीही. त्यातले एकही मला आज आठवत नाही. हे मात्र जिभेवरून उतरत नाही, आणि त्याचे कारण केवळ आचारी नव्हे.

ठाणे

गाडीच्या प्रवासाचे वर्णन करीत नाही. गाडी चालली आणि थांबली. तळ्याकाठच्या धर्मशाळेत पथारी टाकली. ठाणे हे कचेरीचे गाव. इथे सकाळी तळ्यावर दात घासणारा माणूसही काखेत कागदांचे भेंडोळे घेऊन येतो. मुंबईत अनोळखी माणूस भेटला तर आपण कुठले म्हणून विचारतो, ठाण्यात विचारतात, "आपली तारीख कधी आहे?" मी म्हटले, माझी तारीख नाही, मी जेवायला कल्याणास निघालो आहे. शेजारच्या पथारीवरचे गृहस्थ, जे वडिलोपार्जित आंब्याच्या झाडासाठी भावाशी सात वर्षे भांडत होते, ते माझ्याकडे फार वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आपली ट्रंक माझ्यापासून जरा पलीकडे सरकवली.

खरे तर मी त्यांना पूर्ण गोष्ट सांगायला हवी होती. कल्याणच्या कचेरीत माझा बालमित्र गोविंदराव अव्वल कारकून आहे. त्याचे मला पत्र आले. पत्रात हवापाणी, मुलांची खुशाली, आणि शेवटी अगदी बारीक अक्षरांत असे: 'इथे बंदराच्या मागे रामा आगऱ्याची खाणावळ आहे. त्याची बायको सोनूबाई जमिनीत खड्डा करून मडक्यात कोंबडी भाजते. अधिक लिहवत नाही. ये. पण साध्या कपड्यांत ये, तोंडावर उपरणे घे, आणि कोणाला सांगू नकोस.'

ही शेवटची सूचना का, हे आमच्या लोकांना सांगावे लागणार नाही. आमच्या जातीत मांसमच्छी चालते, त्याबद्दल वाद नाही. पण ती कोणाच्या हातची, यावर मात्र पंच बसतात. आमच्या घरच्या चुलीवरची कोंबडी पवित्र, आणि तीच कोंबडी आगरी बाईने भाजली की माणूस वाळीत. गोविंदरावाच्या घरी तर वहिनींनी कसलेसे मोठे व्रत धरल्यामुळे दोन वर्षे मासळीसुद्धा बंद होती. तेव्हा तो अंधारून आले की मागच्या दाराने रामाकडे जाई, हे मी ओळखले. त्याला दोष देण्याचे सोडून मी बॅग भरली.

खाडीत

गाडीने कल्याण तासाभराचे. पण मला मिरवायची हौस. मी खाडीने जायचे ठरवले, लाल पगडी घातली, जरीकाठी उपरणे घेतले आणि भाताच्या गोण्या आणायला रिकाम्या चाललेल्या एका होडीत जाऊन बसलो. पत्रातली सूचना माझ्या खिशातच होती. ती तिथे सुरक्षित राहिली.

होडीचा मालक हिराजी, पन्नाशीचा, काळाभोर, कानात भिकबाळीएवढे सोन्याचे कडे. त्याने माझ्या जोड्यांकडे पाहून म्हटले, "रावसाहेब, जोरे काढून ठेवा. होरी आहे, दिवानखाना नाय."

मी काढले नाहीत. कळवा मागे पडला, मिठागरे लागली. उन्हात पांढऱ्या मिठाच्या राशी, आणि त्यांतून डोक्यावर पाट्या घेऊन चाललेल्या बायकांची एक रांग. लांबून ते फार सुंदर दिसते. मी तसे हिराजीला म्हटलेसुद्धा. तो म्हणाला, "लांबशी बरा दिसतं."

पारसिकचा डोंगर उजव्या हाताला आला तोवर ओहोटी लागली आणि होडी गाळात रुतली. हिराजी शांतपणे तंबाखू मळू लागला. भरती येईपर्यंत करण्यासारखे काही नव्हते. मी काहीतरी करावे म्हणून उठलो, एक पाय बाहेर टाकला, आणि माझा डावा जोडा खाडीने घेतला. तो परत देण्याची तिची इच्छा दिसली नाही.

"बोललो होतो," हिराजी म्हणाला.

त्याने फडके सोडून भाकरी आणि भाजलेला बोंबील पुढे केला. बोंबील चांगला खरपूस भाजला होता. पण मी उद्यासाठी भूक राखून ठेवली होती, तेव्हा नको म्हटले. त्याचा त्याने वेगळाच अर्थ लावला, हे मला तेव्हा समजले नाही. त्याने भाकरी हळूच आपल्याकडे ओढून घेतली आणि माझ्याकडे पाठ फिरवून खाल्ली.

मग ते दोन-तीन तास कसे काढायचे? मी बोललो. श्रोता मिळाला की माझे असे होते. मी सांगितले की मी मुंबईच्या मासिकांत लिहितो, की मी ज्या खाणावळीला चांगली म्हणतो तिथे दुसऱ्या दिवशी पांढरपेशांची रीघ लागते (हे खोटे होते), आणि आता मी कल्याणात रामा आगऱ्याची खाणावळ पाहायला चाललो आहे (हे खरे होते, आणि हेच सांगायला नको होते).

"रामा? आमचे रामाचे घरा?" हिराजी वळला. "तो माजा मावसभाव."

भरती आली. डोंबिवली म्हणून एक लहान गाव मागे पडले, कापलेल्या भाताच्या खाचरांत बगळे उभे होते. उरलेल्या वाटेत हिराजी होडी वाऱ्यासारखी हाकीत होता. मला वाटले, तो माझ्या वक्तृत्वाचा परिणाम.

कल्याण, पहिला दिवस

एका पायात जोडा आणि डोक्यावर लाल पगडी अशा थाटात मी बंदरावर उतरलो. गोविंदराव वाट पाहत होता. त्याने माझी पगडी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"नाना, तुला मी काय लिहिलं होतं?"

"तोंडावर उपरणं घे म्हणून. घेतो की, जेवताना."

"तू जेवायचा नाहीस आता. कोणाशी बोललास का वाटेत?"

मी हिराजीचे नाव सांगितले. गोविंदराव रस्त्याच्या कडेला एका भाताच्या गोणीवर बसला आणि त्याने मला परिस्थिती समजावून दिली.

रामाच्या मनात गेले वर्षभर एक विचार घोळत होता. कचेरीत सात-आठ कारकून असे, की ज्यांची बायकामुले गावी आणि जेवणाचे हाल. त्यांनी रामाला म्हटले होते की जागा तुझी असली तरी आमची हरकत नाही, आचारी मात्र ब्राह्मण ठेव, चूल वेगळी कर आणि मागचा तो कोंबड्यांचा खड्डा बुजव. खड्ड्याशेजारी बसून आम्ही वरणभात जेवणार नाही. सोनूबाई याला तयार नव्हती. खड्डा तिचा होता. बंदरावरचे खलाशी, गाडीवान, हमाल त्या खड्ड्यासाठी येत. नवराबायकोची वर्षभर धुसफूस चालली होती.

"आणि आता तू," गोविंदराव म्हणाला. "हिराजी तुझ्याआधी होडीतून उडी मारून रामाकडे पळाला, मी पाहिलं. मुंबईचा बडा माणूस पसंती द्यायला आला म्हटल्यावर रामा काय करील ते तूच ताड."

मी ताडले नाही. मला फक्त भूक लागली होती.

कल्याण, दुसरा दिवस

सकाळी मी गोविंदरावाला धरून मागच्या वाटेने खाणावळीकडे गेलो, निदान खड्डा तरी पाहू म्हणून. परसात शेवग्याचे झाड, त्याखाली हातभर खोल खड्डा, कडा जळून काळ्या झालेल्या. बाजूला मडकी उपडी घातलेली, वालाच्या शेंगांची टोपली, आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा भारा. या पाल्याचा वास ओव्याची आठवण करून देतो. तो मडक्यात आत पसरायचा, त्यात मीठमसाला चोळलेली कोंबडी आणि शेंगा भरायच्या, पाण्याचा थेंब नाही की तेलाचा नाही, तोंड पाल्यानेच गच्च बंद करायचे, मडके खड्ड्यात उपडे घालून भोवती गवत-गोवऱ्या पेटवायच्या. हे सगळे मला गोविंदराव कुजबुजत सांगत होता, एखादा भाविक देवळाच्या पायरीवर माहात्म्य सांगतो तसा.

"झालं हे कसं कळतं?" मी विचारले.

"मरक्यावर पानी शिंपरायचा," मागून आवाज आला. "चर्र वाजला का जाला."

सोनूबाई उभी होती. चाळिशीची, उंच, काष्ट्याचे लुगडे, हातात मातीने भरलेली पाटी. तिने गोविंदरावाकडे ओळखीने पाहिले, पण माझ्यासमोर त्याला ओळख दिली नाही. तो शहाणपणा आमच्या दोघांत नव्हता.

"आज खड्डा पेटवला नाही?" मी विचारले.

"आज नाय. मुंबयशी कोन मोठा मानूस येतंय. आमच्या हातचा चालत नाय त्याला. होरीत हिराजीची भाकरसुदा शिवला नाय."

मी एका पायात गोविंदरावाचा जुना जोडा आणि दुसऱ्यातही त्याचाच जुना जोडा घालून, पगडीशिवाय उभा होतो. तिने मला ओळखले नव्हते.

"मग ही माती कशाला?"

"त्यानी जेवन बरा बोलला का रामा खड्डा बुजवनार. मातीची पाटी तयार ठेव बोलला, मुहूर्त नको चुकाया." ती पाटी खाली ठेवून खड्ड्याच्या काठावर बसली. "माजी आईस मिठागरात पाट्या वाहून मेली. मी पन बारा वरसं वाहिल्या. हे बगा."

तिने पाऊल पुढे केले. टाचेपासून बोटांपर्यंत कातडी चिरांनी भरलेली होती, जुन्या चिरांवर नव्या. मिठाचे पाणी चिरेत शिरले की ती कधी बुजत नाही, असे ती म्हणाली, तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाणी सांगावे तशी.

"हा खड्डा मी खनला, रामान नाय. खड्डा गेला का इथं माजा काम काय? भटजी आपल्या चुलीजवल मना उबी करनार नाय. मंग परत मिठागरात."

आदल्या दिवशी होडीतून पाहिलेली ती बायकांची रांग मला आठवली. मी तिला सुंदर म्हटले होते.

त्याच क्षणी मी सांगायला हवे होते की बाई, तो मोठा माणूस मीच, आणि मी तुझ्याच हातचे खायला आलो आहे. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण पुढच्या दाराशी कारकुनांचे बोलणे ऐकू आले, आणि गोविंदरावाने माझा हात धरून मला कुंपणापलीकडे ओढले. माझ्या धाकटीचे लग्न जमण्याच्या बेतात होते. मुलाचे चुलते कल्याणचेच. ओढणारा गोविंदराव होता खरा, पण मी काही अंग जड केले नाही.

दुपारी बारा वाजता, रामाने रात्रीच धाडलेल्या आमंत्रणाप्रमाणे, मी पगडी घालून पुढच्या दाराने आत शिरलो.

काय तो थाट. शेणाने सारवलेली नवी जमीन, पाटाभोवती रांगोळी, उदबत्ती, केळीचे पान. रामा धुतलेल्या धोतरात हात जोडून उभा. आत पंक्तीला तीन कारकून आधीच बसले होते, माझे तोंड पाहण्यासाठी. गोविंदराव माझ्या शेजारच्या पाटावर बसला, कचेरीतला वरिष्ठ म्हणून. मागच्या दारात, उंबऱ्याच्या पलीकडे, सोनूबाई पाटी कमरेवर घेऊन उभी होती. तिने मला पाहिले, आणि आता ओळखले.  तिने पाटी फक्त कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेतली.

आचारी भटजी आले. त्यांनी भात वाढला. भात थंड होता. त्यावर वरण, ज्यात डाळ शोधावी लागत होती. दुधीभोपळ्याची भाजी, मिठाला घाबरलेली. मिठागरांच्या गावात याला मी कर्तबगारीच म्हणतो. कढी आंबट नव्हती, गोड नव्हती, ऊनही नव्हती. तुपाचा थेंब पडला तो पानाच्या कडेला. मी दोन दिवस राखून ठेवलेली भूक त्या पानासमोर बसली आणि लाजली. आणि या सगळ्यात मागच्या दाराकडून जुन्या धुराचा, जळलेल्या पाल्याचा वास येत होता. घासागणिक मी तो वास खात होतो, आणि वरणभात नुसता गिळत होतो.

मुंबईत मी कितीदा मैफलीत सांगितले असेल की अन्नाला जात नसते. लोक वाहवा करतात. त्या पाटावर बसून मला कळले की ते वाक्य मी नेहमी स्वतःच्या घरी, जेवण झाल्यावर म्हटले आहे. हे जेवण माझ्यासाठी कोणी वाईट केले नव्हते. माझ्या पगडीला, मी न शिवलेल्या भाकरीला, माझ्या बढाईला जे शोभेल असे त्या माणसाला वाटले, ते त्याने आपल्या बायकोला बाजूला सारून माझ्या पानात वाढले होते. त्याच्या परीने तो माझा मान होता.

"रावसाहेब," रामा पुढे आला.  "कसा जाला जेवान? तुमी सांगा. तुमी बोललाव का मी आताच माती टाकतो. सगल्यांसमोर टाकतो."

कारकुनांनी माझ्याकडे पाहिले. त्यांतला एक म्हणाला, "बोला नानासाहेब, आमची रोजची सोय तुमच्या जिभेवर आहे."

सोनूबाईने माझ्याकडे पाहिले. तिने विनवणी केली नाही. ती नुसती पाहत होती, हा आता काय करतो म्हणून.

मी, जो गाळात रुतलेल्या होडीत तीन तास न थांबता बोलू शकतो, त्या मी घसा खाकरला. मुलाच्या चुलत्यांचा विचार केला. आणि म्हणालो, "भात... मोकळा झाला होता."

रामाचा चेहरा उजळला. तो मागच्या दाराकडे वळला. "टाक गो माती," तो बायकोला म्हणाला. सोनूबाई वळली. मागून मला एवढेच दिसले की तिने लुगड्याचा पदर खोचला.

माझ्या शेजारी काहीतरी हलले. गोविंदराव उठून उभा राहिला होता. हाताला वरणभात लागलेला, पंक्तीतून अर्ध्यावर उठलेला. आमच्यात हे किती अशुभ मानतात ते सांगायला नको. त्याचा चेहरा लाल झाला होता. वीस वर्षे कचेरीत ज्याने साहेबासमोर कधी आवाज चढवला नाही, तो माणूस भर पंक्तीत, हाताखालच्या तीन कारकुनांसमोर ओरडला.

त्यानंतर काय झाले ते आधी सांगतो. कारकून एकामागून एक पाटावरून उठले. भटजींनी कढीचे भांडे खाली ठेवले आणि अंगाला पाणी लावायला विहिरीकडे निघून गेले. रामा थिजल्यासारखा उभा राहिला, आणि सोनूबाईने पाटी शेवग्याच्या बुंध्याशी ओतली. कोरड्या मातीचा ढीग झाला. खड्ड्यात एक खडासुद्धा गेला नाही. मग तिने रामाकडे पाहिलेही नाही. गवताची पेंढी उचलली आणि जाळ करायला बसली. त्या दुपारी मी त्या खड्ड्यातली कोंबडी खाल्ली की नाही, हे इथे लिहिणे माझ्या धाकटीच्या लग्नाच्या दृष्टीने बरे नव्हे. वाचकांनी माझ्या अंगठ्याला अजून येणाऱ्या पाल्याच्या वासावरून काय ते ठरवावे.

गोविंदरावाला मात्र फेडावे लागले. पंच बसले, प्रायश्चित्त झाले, पंचगव्य घ्यावे लागले. ते त्याने मुकाट्याने घेतले. त्याला खरी शिक्षा वहिनींकडून झाली. त्या त्याच्याशी अकरा दिवस बोलल्या नाहीत, आणि ज्या कारणासाठी बोलल्या नाहीत त्याचा जातीशी काही संबंध नव्हता. तो भर पंक्तीत जे बोलला ते संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीत पोहोचले होते, आणि त्यात त्यांच्या स्वयंपाकाचा उल्लेख होता. शब्द असे होते:

"खड्डा बुजवू नका हो सोनूबाई, असला वरणभात मला घरी रोजच मिळतो, म्हणून तर मी तुमच्याकडे येतो."